बाळंतपणानंतर काय उचलायचं, कसं उचलायचं आणि कधी

बाळंतिणीला "जड उचलू नको" असं सगळेच सांगतात. सासू सांगते, आशाताई सांगते, दवाखान्यातून सुट्टी देताना सिस्टरही सांगतात. पण नळ दिवसाआड येतो, आणि तो आला की पाण्याचे हंडे-गुंड कोण भरणार हे कोणीच ठरवत नाही. मग सव्वा महिना बाजेवर काढलेली बाई महिना संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी पंधरा किलोचा हंडा कमरेवर घेते, कारण आता तिचं "झालं" असतं. बिघडतं ते इथेच. सव्वा महिना संपला म्हणजे जखम भरली, पण ताकद अजून यायची असते. म्हणून खालची माहिती बाळंतिणीइतकीच घरातल्या बाकीच्यांनीही वाचावी.

आत काय सैल झालेलं असतं

गरोदरपणात शरीर रिलॅक्सिन नावाचं संप्रेरक तयार करतं. बाळाला वाट मिळावी म्हणून त्याने कमरेच्या हाडांना जोडणारे बंध सैल पडतात. बाळ झाल्यावर ते लगेच घट्ट होत नाहीत, त्याला काही महिने लागतात. तोवर वाकडंतिकडं वजन घेतलं की कमरेच्या खाली, ढुंगणाच्या वरच्या दोन खळग्यांच्या जागी कळ येते.

दुसरं, पोटाच्या मधोमध उभे जाणारे स्नायूंचे दोन पट्टे बाळ वाढताना बाजूला सरकलेले असतात आणि त्यांच्या मधला पडदा ताणून पातळ झालेला असतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते. गर्भाशय, लघवीची पिशवी आणि शौचाचा मार्ग हे सगळं खालून स्नायूंच्या एका जाळीवर तोललेलं असतं. बाजेची वीण जशी माणसाला तोलते, तशीच ही जाळी. बाळंतपणात ती खूप ताणली जाते. विणीला झोल असताना वरून जोर दिला की झोल वाढतो. श्वास कोंडून, दात आवळून वजन उचलतो तेव्हा पोटातला सगळा दाब याच जाळीवर पडतो. मग खोकलताना लघवीचे थेंब जातात, खाली जड-जड वाटतं, आणि दुर्लक्ष झालं तर अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भाशय खाली सरकून बाहेर डोकावतं. शौचाला कुंथणं हेही शरीराच्या हिशेबात वजन उचलणंच आहे. म्हणून "बाळंतिणीला पाणी कमी द्या" हा समज सोडावा. दूध पाजणाऱ्या बाईला पाणी जास्तच लागतं, आणि पाणी कमी पडलं की शौचाला कडक होतं.

सिझेरियनमध्ये पोटाचे थर एकामागून एक उघडून पुन्हा शिवलेले असतात. वरची कातडी आठ-दहा दिवसांत जुळलेली दिसते. आतला मजबूत थर मात्र सहा आठवड्यांनंतरही पहिल्यासारखा बळकट झालेला नसतो. वरून टाका सुकला म्हणून आतूनही सुकला असं धरू नका.

पोटातली फट घरीच बघता येते, पण बाळंतपणाला सहा आठवडे झाल्यावर. उताणं झोपा, गुडघे वाकवा, बेंबीच्या वर मधोमध बोटांची टोकं आडव्या रांगेत ठेवा आणि डोकं थोडंसं उचला. दोन कडक कडांच्या मधे किती बोटं आत जातात ते पाहा. दोनपेक्षा जास्त बोटं जात असतील, किंवा मधे डोंगरासारखा उभा फुगवटा येत असेल, तर जड कामाला अजून वेळ आहे.

किती वजन, कधी

वजनाचा अंदाज लागावा म्हणून आधी एक हिशेब. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो, भांडं वेगळं. भरलेलं घरगुती सिलिंडर जवळजवळ तीस किलोचं असतं, त्यात गॅस 14.2 किलो आणि बाकी लोखंड. दोन वर्षांचं मूल दहा-अकरा किलोचं. घरात सगळ्यात चांगलं माप म्हणजे खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन. त्याला मूठ असते आणि तो पाण्याने भरला की वजन पाच किलोच भरतं.

- पहिले दोन आठवडे: फक्त बाळ. बाळासोबत दुसरं काही हातात नको.
- सहा आठवड्यांपर्यंत: बाळ, किंवा त्याच्याइतकंच वजन. सिझेरियन असेल तर ही मर्यादा अगदी काटेकोर पाळा.
- सहा ते बारा आठवडे: एक पाच लिटरचा कॅन. त्रास नसेल तर आठवडाभराने दोन्ही हातांत एक-एक.
- तीन महिन्यांनंतर: हळूहळू दहा किलो, मग अर्धा हंडा, मग पूर्ण. दर वेळी वजन थोडंच वाढवा आणि मधे निदान आठवडा जाऊ द्या.

हे आकडे ठोकताळ्याचे आहेत. बाळ चार किलोचं असेल, बाई रक्ताने कमी असेल, टाका पिकला असेल किंवा चिमटा लावून बाळंतपण झालं असेल तर प्रत्येक पायरीला जास्त वेळ द्या. खरी खूण शरीरच देतं. काम केल्यावर त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लाल रक्त पुन्हा वाढलं, खाली ओझं जाणवलं, लघवी सुटली किंवा टाक्याजवळ ओढ बसली, तर एक पायरी मागे या.

याचा अर्थ सव्वा महिना पडून राहा असा नाही. साधं बाळंतपण असेल तर पहिल्या दिवसापासून, सिझेरियन असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हापासून घरात, ओसरीत चालायला लागा. पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. चालणं वेगळं आणि उचलणं वेगळं.

खालून बाळ उचलणं

दिवसातून दहा वेळा पाजणं, प्रत्येक वेळी एकदा उचलणं आणि एकदा ठेवणं, वर आठ-दहा लंगोट. म्हणजे बाळ दिवसाला तीस वेळा तरी उचललं जातं. तीन किलोचं बाळ तीस वेळा म्हणजे नव्वद किलो. म्हणून हंड्याच्या आधी बाळ उचलायची पद्धत नीट बसवून घ्यावी.

बाळ खाली वाकळीवर असेल तर:

1. बाळाच्या अगदी जवळ जा. हात लांब करून ओढू नका. वजन अंगापासून जितकं दूर, तितका कमरेवरचा ताण कितीतरी पटीने जास्त.
2. एक गुडघा जमिनीवर टेका, दुसरा पाय पुढे रोवा. कंबर वाकवून उचलायचं नाही. दोन्ही पायांवर उकिडवं बसूनही नाही, कारण टाके ओले असताना उकिडवं बसल्याने खाली ताण येतो.
3. एक हात मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली. आधी बाळ छातीशी घ्या आणि क्षणभर थांबा. उठायचं नंतर.
4. लघवी आणि वारा एकदम अडवल्यासारखं खालचे स्नायू वर ओढून घ्या. मग तोंडाने "हूऽऽ" करत श्वास सोडत पुढच्या पायावर जोर देऊन उठा.
5. वळायचं असेल तर पाय उचलून अख्खं अंग वळवा. पाय तिथेच ठेवून कंबर पिळू नका.

उठल्यावर एक-दोन श्वास भिंतीजवळ थांबा. रक्त कमी असलेल्या बाईला उठल्या-उठल्या डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि तेव्हा हातात बाळ असतं. सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोहाची गोळी बाळंतपणानंतरही 180 दिवस घ्यायची असते. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत एकाच वेळी घेऊ नका, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा.

स्वतः उठतानाही सरळ पुढे झेपावत उठू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा देत बसा. बाज असेल तर ती आधी कसून घ्या. मधे झोळ पडलेल्या बाजेवरून उठताना दर वेळी पोटालाच जोर लावावा लागतो, आणि हे रात्रीतून पाच-सहा वेळा होतं. पायथ्याकडची दोरी ताणून बांधायला घरातल्या माणसाला दहा मिनिटं पुरतात. बाळंतीण घरी येण्याआधीच हे काम उरकावं.

पाजताना पाठ भिंतीला टेकवा, कमरेमागे घडी केलेलं लुगडं ठेवा, मांडीवर वाकळीची जाड घडी ठेवून बाळ छातीच्या उंचीला आणा. बाळाला वर आणायचं, आपण खाली वाकायचं नाही. पाजताना मान आणि खांदे दुखायचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखायला लागलं तर बाळ धरायची पद्धत बदला. अंगठे ताठ पसरून काखेत घालून उचलल्याने तिथली स्नायूची दोरी (कंडरा) सुजते. अंगठा बाकीच्या बोटांना चिकटवून, तळहात खोऱ्यासारखा करून खालून उचला. ओळखायची खूण अशी: अंगठा मुठीत दाबा आणि मनगट करंगळीकडे वाकवा. झणकन कळ आली तर तेच दुखणं आहे.

बाळाची आंघोळ

पाय लांब करून, बाळ नडग्यांवर घेऊन आंघोळ घालायची आपली रीत आहे. पण त्यात बाळाचं वजन पायांवर आणि आपलं अंग पंधरा-वीस मिनिटं पुढे झुकलेलं असतं, आणि कमरेचे बंध सैल असताना हेच सगळ्यात वाईट. सिझेरियन झालेल्या बाईने सहा आठवडे हे करू नये. आजी किंवा सुईणबाई घालत असेल तर तिच्या कमरेलाही सांभाळा: ढुंगणाखाली चार-पाच इंच उंच पाट, पाठीला भिंत, पाण्याचं पातेलं मागे नको, उजव्या हाताशी. बाळ द्यायला आणि घ्यायला दुसरं माणूस हवंच. तेलाने निसरडं झालेलं बाळ हातात घेऊन ओल्या न्हाणीतून कोणीही उठू नये. न्हाणीच्या फरशीवरचं शेवाळ बाळ घरी यायच्या आदल्या दिवशी घासून काढा.

पाणी

पाण्याच्या कामात तीन क्षण धोक्याचे: भरलेलं भांडं जमिनीवरून उचलणं, ते कमरेवर किंवा डोक्यावर चढवणं, आणि पुन्हा खाली ठेवणं. चालताना त्यामानाने कमी बिघडतं. म्हणून भांडं जमिनीवर येणारच नाही अशी सोय केली की निम्मा धोका संपतो.

नळ दारात असेल तर पंधरा-वीस फुटांचा रबरी पाइप आणा. पन्नास लिटरचा ड्रम दोन फूट उंच कट्ट्यावर ठेवा. तीन इंचाच्या विटांचे आठ थर म्हणजे दोन फूट. विटा नुसत्या रचू नका, गाऱ्यात किंवा सिमेंटमध्ये बसवा, कारण भरलेला ड्रम पन्नास किलोच्या वर जातो आणि घरात रांगतं पोर येणार आहे. ड्रमला खाली तोटी लावून घ्या. तोटीखाली छोटं स्टूल, त्यावर पाच लिटरचा कॅन. मग जमिनीपर्यंत वाकायचं कारणच उरत नाही.

नळ लांब असेल किंवा हापशीवरून आणावं लागत असेल, तर पहिले तीन महिने ते काम बाळंतिणीचं नाही. हापशीचा दांडा खाली दाबताना आणि विहिरीवर दोर ओढताना पोटाला बसणारा हिसका हंडा उचलण्याइतकाच वाईट. सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून नवरा, दीर किंवा सासरे यांनी पाणी आणावं. गावात असं करायला काही पुरुषांना अजूनही लाज वाटते. बायकोच्या अंगाचं दुखणं जन्मभर पुरतं, हे त्यांना सासूनेच एकदा ठामपणे सांगितलं की काम होतं.

पुढे हंडा घ्यायला लागल्यावरही तो एकटीने डोक्यावर चढवू नका. "हात लाव" म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, ती या वर्षात मोडू नका. दुसरीने उचलून द्यावा आणि उतरवतानाही हात लावावा. एका कडेवर हंडा आणि दुसऱ्या कडेवर बाळ असं कधीच नाही. तोल गेला तर हात आपोआप हंड्याकडे जातो की बाळाकडे, हे आधी सांगता येत नाही.

मोठं लेकरू

धाकटं आल्यावर मोठं लेकरू जास्त चिकटतं, आणि त्याला "नको" म्हणणं आईच्या जिवावर येतं. त्याला दूर करू नका, फक्त उचलायचं टाळा. आपण खाली बसायचं आणि त्याने मांडीवर यायचं. कडेवर घ्यावंच लागलं तर त्याला आधी ओट्यावर किंवा बाजेवर चढू द्या आणि तिथून घ्या. कडा बदलत राहा. एकाच कडेवर सवय लागली की कंबर तिकडेच वाकडी होते.

घरातल्या बाकीच्यांनी

पहिल्या तीन महिन्यांसाठी कामं नावानिशी वाटून घ्या: पाणी, सरपण, सिलिंडर बदलणं, शेणाचं टोपलं, पिठाचा डबा, ओल्या कपड्यांची बादली. ओल्या वाकळीचं वजन कोणी धरत नाही, पण पिळून काढलेली वाकळही सहज सहा-सात किलो भरते. "सगळे मिळून करू" असं म्हटलं की शेवटी ते बाळंतीणच करते. बाई माहेरी असेल तर हे तिथे आपोआप होतं. सासरी परत येईल त्या दिवसासाठी वाटणी आधीच ठरवून ठेवा.

पोटाला पट्टा किंवा लुगडं बांधायची रीत आहे. सैलसर आधार म्हणून, उठता-बसताना टाक्याला बरं वाटावं म्हणून बांधायला हरकत नाही. करकचून बांधलं तर दाब खाली त्या सैल जाळीवर जातो. दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत, आणि झोपताना सोडून ठेवा.

बापाच्या कमरेचाही विचार करा. रात्रभर जाग्रण आणि सकाळी सोयाबीनचा कट्टा (पोतं), यात पाठ धरते. कट्टा जमिनीवरून दोघांनी उचलावा, किंवा बैलगाडीच्या, ट्रॉलीच्या उंचीवरून पाठीवर घ्यावा.

वावरात परत

कापूस वेचताना कमरेला बांधलेली ओटी भरत जाते आणि चार-पाच किलो वजन पुढे लोंबतं, म्हणजे पुन्हा गरोदरपणासारखीच ओढ. वेचाई किलोवर असल्याने ओटी तट्ट भरायचा मोह होतो. दोन किलोच्या आसपास झाला की धुऱ्यावर रिकामी करा. फेऱ्या वाढतील, पण कंबर टिकेल. गाठोडं डोक्यावर घेऊन वजनकाट्यापर्यंत नेणं दुसऱ्याकडे द्या. निंदणाला सतत उकिडवं बसण्याऐवजी एक गुडघा टेकवा आणि दर पंधरा मिनिटांनी बाजू बदला. पऱ्हाट्यांची मोळी सहा महिन्यांच्या आत नको.

पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून 5,000 रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर 6,000. हे पैसे बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई म्हणूनच आहेत. अर्ज आशाताई किंवा अंगणवाडीताईंमार्फत होतो. त्या पैशांत लवकर मजुरीला न जाण्याचे काही आठवडे विकत घेता येतात.

बाळाला सोबत नेताना कापडात बांधलं तर ते छातीशी, उंच बांधा. मान खाली केली की त्याच्या टाळूचा मुका घेता यावा इतकं उंच. चेहरा उघडा आणि दिसत राहिला पाहिजे. हनुवटी छातीला टेकली की श्वास कोंडतो. गुडघे ढुंगणापेक्षा वर आणि मांड्या फाकलेल्या ठेवा. पाय सरळ करून घट्ट गुंडाळल्याने खुब्याचा सांधा बिघडू शकतो. मान धरत नाही तोवर पाठीवर बांधू नका. झाडाला झोळी टांगली तर ती जमिनीपासून दीड-दोन फुटांवरच असू द्या, पडलं तरी इजा कमी. मग बाळ घेताना वाकू नका, गुडघा टेकवून घ्या. दोर रोज हाताने ओढून पाहा.

खालच्या स्नायूंचा व्यायाम

लघवी आणि वारा अडवल्यासारखं आत-वर ओढा, पाच आकडे मोजेपर्यंत धरा, तितकाच वेळ सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पाजायला बसलं की करायचं, म्हणजे लक्षात राहतं. पोट, मांड्या आवळू नका आणि श्वास चालू ठेवा. लघवी करताना मधेच धार तोडून सराव करू नका, त्याने पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात.

दवाखान्यात कधी

आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्या बाळाचं वजन करत असताना तुमचंही दुखणं सांगा. लघवी सुटते, खाली काही लागतं, हे स्वयंपाकघरात नेऊन कानात सांगितलं तरी चालेल.

पुढच्या गोष्टींत मात्र त्यांची वाट पाहू नका: तासाभरात पॅड किंवा कापड पूर्ण भिजावं इतका रक्तस्राव, 100.4 च्या वर ताप, टाक्यातून पू किंवा घाण वास, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, दम लागणं, डोकं फुटल्यासारखं दुखून डोळ्यांपुढे अंधुक दिसणं, झटके. 108 ला फोन करा. कंबरदुखीसोबत पाय बधिर झाले किंवा लघवी-शौचाचा ताबा गेला तर तेही त्याच दिवशी दाखवायचं.

लघवी सुटणं किंवा पोटातली फट तीन महिन्यांनंतरही तशीच असेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फिजिओथेरपी विभागाची चिठ्ठी मागा. "कंबर दुखते" एवढंच सांगितलं तर मलम आणि गोळी मिळून बोळवण होते. "बाळंतपणानंतर लघवी सुटते", "अंग खाली येतं" असं स्पष्ट शब्दांत सांगा. अंग बाहेर येत असेल तर सुरुवातीला व्यायामाने किंवा आत बसवायच्या कडीनेही आराम पडतो. प्रत्येकीला गर्भपिशवी काढावी लागत नाही.